मोटारीतील हवा-तपमान संवेदक : दोषाचे निदान कसे करावे?

सकाळची वेळ आहे. प्रवासी वाहतूक करणारी एक मोटार सुरू होण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ घेते. सुरू झाल्यावर इंजिन थरथरते, धुराला पेट्रोलचा वास येतो आणि चालकासमोरील फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा पेटलेला राहतो. चालक गाडी दुरुस्तीच्या दुकानात नेतो. तेथील कारागीर स्कॅनर जोडतो. स्कॅनरच्या पडद्यावर ‘पी ०११३’ असा संकेतांक उमटतो आणि त्यापुढे हवेचे तपमान मोजणाऱ्या संवेदकाचे नाव दिसते. संवेदक, म्हणजे दुकानाच्या बोलीतील ‘सेन्सर’, तत्काळ बदलला जातो. बिल चुकते होते, दिवा विझतो. तिसऱ्या दिवशी तोच दिवा पुन्हा पेटतो.

हे उदाहरण कल्पनेतील असले, तरी असा अनुभव वाहनचालकांना अपरिचित नाही. ज्याचा संसार मोटारीच्या फेऱ्यांवर आणि बँकेच्या हप्त्यांवर चालतो, त्याला अशा दुरुस्तीचा फटका दोन बाजूंनी बसतो. नव्या भागाची किंमत वाया जाते आणि दिवसाची कमाईही बुडते. दोष मात्र होता तेथेच राहतो.

वस्तुतः त्या संकेतांकाने एवढेच सांगितलेले असते की, संवेदकाच्या विद्युत् मार्गात काही तरी बिघडले आहे. बिघाड संवेदकात आहे, तारेत आहे की जोडणीत आहे, हे त्यावरून कळत नाही. ते शोधून काढणे हे कारागिराचे काम होय. हे काम कठीण नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, एक तपमापक आणि थोडा धीर एवढ्या भांडवलावर ते अर्ध्या-पाऊण तासात होऊ शकते. मात्र त्यासाठी हा छोटा भाग कोणते काम करतो आणि ते कसे करतो, हे प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

हवेचे तपमान कशासाठी मोजावयाचे?

पेट्रोल एकटे जळत नाही, त्याला हवा लागते. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा आवश्यक असते. यात महत्त्व आहे ते हवेच्या वजनाला. इंजिनाचे सिलिंडर मात्र हवा घेतात ती आकारमानाने. अडचण येथेच निर्माण होते, कारण हवा तापली की प्रसरण पावते आणि तेवढ्याच जागेत तिचे वजन कमी भरते. समुद्रसपाटीच्या दाबाखाली एक घनमीटर कोरड्या हवेचे वजन शून्य अंश सेल्सिअसला सुमारे १.२९ किलोग्रॅम, २० अंशांना १.२० किलोग्रॅम आणि ४० अंशांना १.१३ किलोग्रॅम असते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा फरक केवळ पुस्तकी नाही. नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात हिवाळ्याच्या पहाटे पारा एक आकडी संख्येवर उतरतो, तर नागपूर, चंद्रपूर भागांत मे महिन्याच्या दुपारी तो ४५ अंशांच्या आसपास जातो. मोटार तीच आणि सिलिंडर तेच. परंतु त्यात शिरणाऱ्या हवेच्या वजनात दहा टक्क्यांहून अधिक अंतर पडते. पेट्रोल त्या प्रमाणात कमी-अधिक केले नाही, तर एक तर ते वाया जाते किंवा कमी पडते.

कार्ब्युरेटरच्या काळात हा हिशेब बराचसा चालकाच्या हाती होता. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावून २०२३ साली टॅक्सी म्हणून निवृत्त झालेल्या प्रीमियर पद्मिनीचे चालक थंडीत सकाळी ‘चोक’ ओढून गाडी सुरू करीत आणि इंजिन तापल्यावर तो हळूहळू आत ढकलीत. हवेचे तपमान ओळखून मिश्रण बदलण्याचीच ती एक ढोबळ रीत होती.

इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणीच्या पद्धतीने हे काम यंत्राकडे सोपविले. जर्मनीतील बॉश या कंपनीने १९६७ साली बाजारात आणलेल्या ‘डी-जेट्रॉनिक’ या पद्धतीत मॅनिफोल्डमधील दाब आणि हवेचे तपमान यांवरून पेट्रोलचे प्रमाण ठरविले जाई. भारतात २००० साली युरो-१ च्या धर्तीवरील धूर-मर्यादा देशभर लागू झाल्या. पुढे त्या क्रमाक्रमाने कडक होत जाऊन १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ चे नियम अमलात आले. या वाटचालीत मोटारींतील कार्ब्युरेटर मागे पडला आणि ‘चोक’ची जागा संवेदकांनी घेतली.

आजच्या मोटारींत हवेचे वजन काढण्याच्या दोन प्रमुख रीती आढळतात. पहिल्या रीतीत संगणक दाब व तपमान यांवरून वजनाचा हिशेब करतो. येथे तपमानाच्या संवेदकावर फार मोठी भिस्त असते. दुसऱ्या रीतीत तापविलेल्या तारेच्या किंवा पटलाच्या साहाय्याने हवेचे वजन थेट मोजले जाते. तेथे तपमानाचा उपयोग मुख्यतः ठिणगीची वेळ ठरविणे व अन्य लहान दुरुस्त्या यांपुरता राहतो. आपल्यासमोरची मोटार कोणत्या रीतीची आहे, हे कारागिराने आधी पाहावे. पहिल्या प्रकारात या संवेदकाचा दोष गाडीच्या चालीवर लगेच जाणवतो, दुसऱ्या प्रकारात तुलनेने कमी.

संवेदकाची रचना

हा संवेदक बाहेरून अगदी साधा दिसतो. बोटाच्या पेराएवढे प्लॅस्टिकचे आवरण, पुढे जाळीत बसविलेला मण्यासारखा ठिपका आणि मागे दोन पिना, एवढेच त्याचे रूप असते. तो एअर फिल्टरच्या डब्यावर, हवेच्या नळीत किंवा मॅनिफोल्डवर बसविलेला असतो. पुष्कळ मोटारींत तो दाबाच्या संवेदकाबरोबर एकाच आवरणात येतो. अशा वेळी पिना चार असतात. हवेचे वजन मोजणाऱ्या उपकरणातच तो सामावलेला असेल, तर पिना बहुधा पाच असतात.

आतील मणी म्हणजे थर्मिस्टर होय. धातूची तार तापली की तिचा विद्युत् रोध वाढतो. या मण्याचे वर्तन त्याच्या उलट असते. तो तापला की त्याचा रोध झपाट्याने कमी होतो. काही पदार्थांचा हा गुणधर्म मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडवर प्रयोग करताना प्रथम नोंदविला. आज मोटारीपासून शीतकपाटापर्यंत सर्वत्र त्याचा उपयोग केला जातो.

मोटारींत सर्रास आढळणाऱ्या एका प्रकारच्या थर्मिस्टरचा रोध साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो :

० अंश सेल्सिअस : सुमारे ५,९०० ओहम
२० अंश सेल्सिअस : सुमारे २,५०० ओहम
४० अंश सेल्सिअस : सुमारे १,२०० ओहम
६० अंश सेल्सिअस : सुमारे ६०० ओहम
८० अंश सेल्सिअस : सुमारे ३२० ओहम

सर्व कंपन्यांचे आकडे हेच असतील असे नाही. म्हणून अंतिम तुलना त्या त्या मोटारीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील तक्त्याशीच करावी. तपमान वाढेल तसा रोध घटत जाणार, हा क्रम मात्र या जातीच्या सर्व संवेदकांत सारखाच असतो.

संगणक हा रोध कसा ओळखतो, हे कळले की पुढील निदानाची किल्ली हाती येते. संगणक आपल्या पोटातील एका ठरावीक रोधामार्गे संवेदकाला पाच व्होल्टचा पुरवठा करतो आणि संवेदकाच्या टोकाशी किती व्होल्ट उरले, हे पाहतो. हवा थंड असेल तर संवेदकाचा रोध मोठा आणि व्होल्टही जास्त. हवा गरम असेल तर रोध लहान आणि व्होल्ट कमी. तार तुटली तर प्रवाह वाहतच नाही आणि टोकाशी पूर्ण पाच व्होल्ट राहतात. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर व्होल्ट शून्यावर येतात. संगणकाला तारेची अवस्था दिसत नाही, त्याला केवळ व्होल्ट दिसतात. म्हणून तार तुटली की तो ‘कडाक्याची थंडी आहे’ असे समजतो आणि तारा चिकटल्या की ‘हवा भट्टीसारखी तापली आहे’ असे समजतो.

बिघाडाची लक्षणे

संवेदक खऱ्यापेक्षा थंड हवा दाखवू लागला तर संगणक हवा जड आहे असे मानून पेट्रोल जास्त सोडतो. मग काळसर धूर, पेट्रोलचा वास, प्लगवर काजळी आणि घसरलेले ‘अॅव्हरेज’ ही लक्षणे दिसू लागतात. असे दीर्घकाळ चालले, तर न जळलेले पेट्रोल धुराच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे जळते आणि हा महागडा भाग अतिउष्णतेने निकामी होऊ शकतो. उलट, संवेदक खऱ्यापेक्षा गरम हवा दाखवू लागला तर पेट्रोल कमी सोडले जाते आणि ठिणगीही उशिरा पाडली जाते. परिणामी थंड इंजिन सुरू होण्यास त्रास देते, ‘पिकअप’ मिळत नाही आणि चढावर गाडी अडखळते.

तथापि ही लक्षणे केवळ याच दोषाची नव्हेत. जुने प्लग, तुंबलेला एअर फिल्टर, मॅनिफोल्डच्या नळीतून शिरणारी चोरटी हवा, इंजिनाच्या पाण्याचे तपमान सांगणारा संवेदक किंवा ऑक्सिजन सेन्सर यांच्या बिघाडातही गाडी असेच वागते. शिवाय इंजिन तापल्यानंतर ऑक्सिजन सेन्सर धुरावरून चूक ओळखतो आणि मिश्रण काही मर्यादेत सावरून घेतो. म्हणून हा दोष पुष्कळदा सकाळच्या पहिल्या सुरुवातीस आणि जोराने वेग घेताना जाणवतो, एरवी लपून राहतो. तात्पर्य, नुसत्या लक्षणांवरून निकाल देणे धोक्याचे ठरते.

संकेतांक काय सांगतात?

अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींत दोष-नोंदणीची प्रमाणित पद्धत सक्तीची झाली. भारतात भारत स्टेज-४ च्या मोटारींना तिचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला. त्यामुळे स्टीअरिंगच्या खालील बाजूस असलेल्या सोळा पिनांच्या जोडणीला साधा स्कॅनर लावूनही हे संकेतांक वाचता येतात.

हवेच्या तपमानासंबंधीचे संकेतांक मुख्यतः पाच आहेत. ‘पी ०११०’ म्हणजे या विद्युत् मार्गात सर्वसाधारण बिघाड. ‘पी ०१११’ म्हणजे आकडा मर्यादेत आहे, परंतु परिस्थितीशी जुळत नाही. ‘पी ०११२’ म्हणजे व्होल्ट फार कमी, अर्थात दाखविलेले तपमान अतिशय जास्त. ‘पी ०११३’ म्हणजे व्होल्ट फार जास्त, अर्थात दाखविलेले तपमान अतिशय कमी. ‘पी ०११४’ म्हणजे अधूनमधून तुटणारा संपर्क.

संकेतांक वाचल्याबरोबर पुसून टाकण्याची घाई करू नये. दोष नोंदविला गेला त्या क्षणी इंजिनाचा वेग, पाण्याचे तपमान इत्यादी आकडे संगणकाने साठविलेले असतात. ते आधी कागदावर उतरवून घ्यावेत. दोष केव्हा उद्भवतो, याचा तोच उत्तम पुरावा असतो.

पहिली परीक्षा : रात्रभर थांबलेली गाडी

सर्वांत सोपी आणि बिनखर्चाची परीक्षा सकाळी करावयाची असते. गाडी रात्रभर सावलीत उभी राहिल्यानंतर बाहेरची हवा, इंजिनाचे पाणी आणि नळीतील हवा या तिन्हींचे तपमान जवळजवळ सारखे झालेले असते. इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवावी आणि स्कॅनरवर हवेचे व पाण्याचे तपमान वाचावे. शेजारी ठेवलेल्या तपमापकाशी त्यांची तुलना करावी. तिन्ही आकडे पाच अंशांच्या आत जुळले, तर संवेदक निदान त्या तपमानाला खरे बोलत आहे. दोन जुळले आणि तिसरा वेगळा निघाला, तर संशय तिसऱ्यावर जातो. पाण्याचा आकडाच चुकीचा निघाला, तर हवेचा संवेदक बदलण्याचे कारण उरत नाही. या एका तुलनेने कितीतरी अनावश्यक खरेदी टळते.

स्कॅनरवर उणे ४० अंश दिसले तर मार्ग कोठेतरी तुटलेला आहे, असे समजावे. १२० अंशांच्या पलीकडील आकडा दिसला तर मार्ग कोठेतरी चिकटलेला आहे, असे समजावे. काही मोटारींचा संगणक दोष नोंदविल्यावर खरा आकडा न दाखविता स्वतःचा ठरावीक आकडा दाखवितो. शंका आल्यास मल्टिमीटरने व्होल्ट मोजून खात्री करावी.

दुसरी परीक्षा : दोष तारेत की संवेदकात?

ही परीक्षा दोन पिनांच्या संवेदकासाठी आहे. प्रथम चावी बंद करून संवेदकाचा कपलर काढावा आणि मग चावी फिरवावी.

आधी आकडा अतिशय गरम दिसत होता, असे धरू. कपलर काढल्यावर तो उणे ४० अंशांवर आला, तर तारा व संगणक ठीक आहेत आणि दोष संवेदकाच्या आत आहे. कपलर काढूनही आकडा गरमच राहिला, तर संवेदक निर्दोष आहे. एखादी तार घासून लोखंडाला टेकलेली असण्याचा संभव अधिक.

आधी आकडा उणे ४० दिसत होता, असे धरू. आता तारांकडील कपलरच्या दोन पिनांमध्ये व्होल्ट मोजावेत. सुमारे पाच व्होल्ट मिळाले, तर तारा संवेदकापर्यंत व्यवस्थित पोहोचत आहेत. पुढची पायरी म्हणून त्या दोन पिना बारीक तारेने क्षणभर जोडाव्यात. स्कॅनरवरील आकडा एकदम वर चढला, तर संगणक व तारा दोन्ही ठीक आहेत. दोष संवेदकात किंवा त्याच्या पिनांच्या संपर्कात आहे. आकडा हललाच नाही, तर शोध तारांमध्ये घ्यावा.

दोन पिनांमध्ये व्होल्ट मिळाले नाहीत, तर प्रत्येक पिन व बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये मोजावे. एका पिनेवर पाच व्होल्ट मिळाले, तर पुरवठ्याची तार शाबूत असून परतीची तार तुटलेली आहे. कोठेही मिळाले नाहीत, तर पुरवठ्याच्या तारेत किंवा क्वचित संगणकात दोष आहे.

चार किंवा पाच पिनांच्या जोडणीत ही तार जोडण्याची परीक्षा अंदाजाने कधीही करू नये. तेथे दुसऱ्या संवेदकाचा पुरवठा त्याच कपलरमध्ये असतो आणि चुकीच्या पिना जोडल्यास नवे नुकसान होऊ शकते. पुस्तिकेतील आकृती पाहून पिना निश्चित केल्यावरच पुढे जावे. पिनांमध्ये जाड तार खुपसून त्या सैल करणे, तारेच्या आवरणात सुई टोचणे आणि बल्बच्या टेस्टरने तपासणे या सवयीही टाळाव्यात.

तिसरी परीक्षा : रोधाचे मोजमाप

संशय संवेदकावरच आला, तर तो बाहेर काढून त्याचा रोध मोजावा. प्रथम खोलीच्या तपमानाला मोजावे व तपमापकाचा आकडा शेजारी लिहावा. नंतर संवेदक कोरड्या, पातळ प्लॅस्टिक पिशवीत ठेवून पिशवी बर्फाच्या पाण्यात बुडवावी आणि काही मिनिटांनी पुन्हा मोजावे. शेवटी केस वाळविण्याच्या यंत्राने दुरून गरम हवा देत आकडा कसा बदलतो, ते पाहावे. काडी, लायटर किंवा गॅसची ज्योत मुळीच वापरू नये, कारण मणी त्यानेच बिघडतो.

चांगल्या संवेदकाचा रोध तपमान वाढताना न अडखळता उतरत जातो. मध्येच आकडा उडाला, थांबला किंवा मीटरवर अनंत रोध दिसला, तर संवेदक निकामी झाला असे खात्रीने म्हणता येते. नवा संवेदक घेण्याचे कारण येथे प्रथमच सिद्ध होते.

दिवा न पेटविणारा दोष

तुटलेली तार शोधणे त्या मानाने सोपे असते, कारण संगणक स्वतःच तक्रार नोंदवितो. अधिक त्रासदायक असतो तो अर्धवट दोष. कोकणातील दमट हवेत आणि मुसळधार पावसात कपलरमध्ये ओलावा शिरतो, पिनांवर हिरवट गंज चढतो आणि त्या गंजाचा रोध संवेदकाच्या रोधात मिळतो.

त्याचा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. हवा ४० अंशांची असताना संवेदकाचा रोध सुमारे १,२०० ओहम असतो. गंजाने त्यात १,३०० ओहमांची भर घातली, तर संगणकाला एकूण २,५०० ओहम दिसतात आणि हवा २० अंशांची आहे, असे तो समजतो. घनमीटरला १.१३ किलोग्रॅम हवा प्रत्यक्षात असताना तो १.२० किलोग्रॅम धरतो. सुमारे सहा ते सात टक्के पेट्रोल जास्त सोडण्याइतकी ही चूक आहे. तरीही २० अंश हा आकडा सर्वस्वी संभवनीय असल्याने दिवा पेटेलच असे नाही. असा दोष सकाळच्या तुलनेत किंवा कपलरची पिन डोळ्यांनी पाहिल्यावरच सापडतो.

अधूनमधून उद्भवणाऱ्या दोषासाठी इंजिन चालू ठेवून, फिरत्या पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून हात दूर राखून, तारांचा जुडगा हळूहळू हलवावा व स्कॅनरवर नजर ठेवावी. ज्या जागी आकडा उडी मारतो, तेथे तार आतून तुटलेली असते. उभ्या गाडीत शिरून उंदरांनी तारा कुरतडणे, हे आपल्याकडील एक नेहमीचे कारण आहे. एअर फिल्टरच्या डब्याजवळ तर ते आवर्जून पाहावे.

याच्या उलटही एक गैरसमज आढळतो. भर उन्हात, वाहतुकीच्या कोंडीत गाडी खोळंबली असता हवेचे तपमान ५०-६० अंश दिसू शकते. इंजिनाच्या उष्णतेने नळीतील हवा खरोखरच तापलेली असते आणि संवेदक सत्य तेच सांगत असतो. मोकळ्या रस्त्यावर काही मिनिटे गाडी चालविल्यावर आकडा उतरू लागला, तर काळजीचे कारण नाही. टर्बो बसविलेल्या इंजिनात दाबलेली हवा मुळातच अधिक गरम असते, हेही ध्यानात ठेवावे.

फसव्या उपायांपासून सावध

या संवेदकाच्या तारेत एक लहानसा रोध बसवून ‘गाडीची ताकद वाढविणारी’ साधने विकली जातात. त्यांचे रहस्य वर सांगितलेल्या गंजापेक्षा वेगळे नाही. संगणकाला हवा खोटीच थंड भासविली जाते व पेट्रोल जास्त सोडले जाते. ताकद वाढणे दूरच, धूर व खर्च मात्र वाढतो. पैसे देऊन दोष विकत घेण्याचाच हा प्रकार होय.

खर्चाचा उपाय करण्यापूर्वी स्वस्त उपाय करणे शहाणपणाचे असते. धुळीने व तेलकट थराने माखलेला मणी योग्य द्रावणाच्या फवाऱ्याने हलक्या हाती स्वच्छ करावा. कपलरच्या पिना संपर्क-स्वच्छतेच्या फवाऱ्याने साफ कराव्यात, रबरी सील फाटले असल्यास बदलावे. दुरुस्तीनंतर संकेतांक पुसून गाडी थंड व गरम अशा दोन्ही अवस्थांत चालवावी आणि पुन्हा तपासावी. दिवा परत पेटला नाही आणि सकाळचे तिन्ही आकडे जुळले, म्हणजे काम पुरे झाले.

कारागिराची प्रतिष्ठा

प्रारंभी उल्लेखिलेल्या मोटारीकडे पुन्हा वळू. ‘पी ०११३’ हा संकेतांक मार्ग तुटल्याचे सांगत होता. कपलर काढून तारा जोडून पाहिल्या असत्या, तर आकडा वर चढला असता आणि तारा ठीक असल्याचे कळले असते. संवेदकाचा रोध मोजला असता, तर तोही निर्दोष निघाला असता. मग उरली असती ती फक्त कपलरमधील एक सैल, गंजलेली पिन. नवा संवेदक बसविताना कपलर हलला, पिन तात्पुरती टेकली आणि दिवा विझला. रस्त्यावरचे हादरे बसताच ती पुन्हा सुटली. दुरुस्ती होती ती पिन साफ करून घट्ट करण्याची. खर्च झाला तो संवेदकाचा.

राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ या दोन वर्षांच्या व्यवसायाचे शिक्षण घेऊन तरुण या क्षेत्रात उतरतात. पुण्यात १९६६ पासून कार्य करीत असलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था मोटारींच्या धुराची व सुरक्षिततेची शास्त्रीय चाचणी घेते. तेथे मोजमाप करून प्रमाणित झालेली गाडी पुढे पंधरा वर्षे तशीच स्वच्छ चालावी, ही जबाबदारी मात्र तालुक्याच्या गावातील छोट्या दुकानात बसलेल्या कारागिरावर येऊन पडते. हवा-तपमान संवेदकावर जी रीत शिकली, तीच पाण्याच्या तपमानाच्या संवेदकालाही जशीच्या तशी लागू पडते. दोन्हींचे तत्त्व एकच आहे.

वाहनधारकांनीही आपला वाटा उचलावयास हवा. भाग बदलण्यापूर्वी कोणते मोजमाप केले आणि आकडा किती आला, एवढे दोन प्रश्न त्यांनी विचारावेत. चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही. त्याच्या वहीत तो आकडा आधीच लिहिलेला असतो. बिलावर भागाच्या किमतीबरोबर तपासणीची मजुरी वेगळी दाखविली असेल, तर ती आनंदाने द्यावी. पाऊण तासाच्या तपासणीची मजुरी देऊन अनावश्यक भागाची किंमत आणि एका दिवसाची कमाई वाचत असेल, तर तो व्यवहार वाहनधारकाच्या हिताचाच ठरतो.